रोज सकाळी घसा खरखरतो? आधी वही काढा, गोळी नंतर

मी ध्वनिपुस्तकं वाचते. बंद खोलीत, माइकसमोर, रोज चार तास. माझा आवाज बिघडतोय हे माझ्या आधी माझ्या संकलकाला कळलं. "काल जागरण झालं का गं?" असं त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर मी महिनाभराच्या फायली काढून ऐकत बसले. सकाळी दहाचं वाचन खरखरीत, दुपारी एकनंतरचं बऱ्यापैकी स्वच्छ. आणि साधारण दर दीड मिनिटाला मी खाकरत होते. एका तासाच्या कच्च्या ध्वनिमुद्रणात एक्केचाळीस वेळा! मोजलं तेव्हा लाजच वाटली.

डॉक्टरांनी आम्लपित्ताचं नाव काढलं तेव्हा मी म्हटलं, शक्यच नाही. छातीत जळजळ नाही, आंबट ढेकर नाही, पोट ठणठणीत. पण जठरातलं आम्ल घशापर्यंत येतं तेव्हा छातीत जळजळ व्हायलाच हवी असं नसतं. अन्ननलिकेच्या दोन्ही टोकांना स्नायूंची एकेक झडप असते. खालची सैल पडली की आम्ल अन्ननलिकेत येतं. अन्ननलिकेचं अस्तर दणकट असतं, शिवाय गिळलेली लाळ ते आम्ल धुऊन काढते, त्यामुळे थोडंफार ती सोसते. पण वरची झडपही ढिली असेल, तर तोच थोडासा अंश स्वरयंत्रापर्यंत पोचतो आणि तिथलं नाजूक अस्तर तो सोसत नाही. आम्लासोबत पेप्सिनही येतं, म्हणजे प्रथिनं पचवणारं विकर. आम्ल ओसरलं की ते निपचित पडतं, पुन्हा आम्ल मिळालं की जागं होतं. हे वाचल्यावर मला माझं सकाळचं कोमट लिंबूपाणी आठवलं. घशाला बरं म्हणून वर्षभर निष्ठेने घेत होते.

घरगुती प्रयोग कोणी करू नयेत

गिळताना अन्न अडकत असेल किंवा दुखत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, मानेला गाठ लागत असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, एका बाजूचा कान सतत दुखत असेल, तर पुढचं वाचायच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घ्या. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल तर वेळबीळ घेत बसू नका, तडक जा. आवाज चार आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल तर स्वरतंतू दुर्बिणीने पाहून घ्यायलाच हवेत. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनी तर चार आठवडेसुद्धा थांबू नये. नाकातून बारीक दुर्बीण घालतात. दोन-तीन मिनिटं विचित्र वाटतं, एवढंच.

दुर्बिणीत लाली दिसली म्हणजे आम्लच, असंही नाही. काहीही तक्रार नसलेल्या माणसांच्या स्वरयंत्रातही अशी लाली सापडते. घसा खरखरायला कारणं पुष्कळ: नाकामागून उतरणारा शेंबूड, ॲलर्जी, तोंडाने श्वास घेणं, कोरडी हवा, दम्याचा स्टिरॉइडचा पंप, ताण देऊन बोलणं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी म्हणूनच सोबत न्या. मी नेली नव्हती, आणि दुसरी खेप पडली.

वही

माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट फुकट होती. रोज सकाळी उठल्यावर, पाणी पिण्याआधी, एकच सहा ओळींचा परिच्छेद मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचा. मोबाइल तोच, अंतर तेच, परिच्छेद तोच. शेजारी वहीत तीन नोंदी: रात्री जेवण किती वाजता संपलं, झोपले किती वाजता, सकाळी घसा दहापैकी किती वाईट. आठवड्याने फायली एकामागून एक ऐकायच्या. कालचा आवाज कसा होता हे आपल्याला खरंच आठवत नसतं.

तपासणीला जाण्यापूर्वी डॉक्टरांची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावलीही भरता येते. आवाज बसणं, खाकरणं, घशात जास्तीचा कफ, गिळायला त्रास, जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर खोकला, श्वास कोंडल्यासारखं होणं, त्रासदायक खोकला, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं, आणि जळजळ किंवा आंबट वर येणं. प्रत्येकाला 0 ते 5 गुण, एकूण 45. बेरीज 13 च्या वर गेली तर आम्लाचा संशय धरतात. माझी 22 आली. संशय म्हणजे निदान नव्हे, हे मात्र लक्षात असू द्या. ॲलर्जीवाल्या माणसाचे गुणही सहज इतके होतील.

एका वेळी एकच बदल

मी पहिल्या आठवड्यात कॉफी सोडली, तिखट सोडलं, उशा वाढवल्या, गोळी सुरू केली, सगळं एकदम. थोडं बरं वाटलं, पण कशामुळे ते कळेना, आणि कॉफीविना जगणंही कठीण. मग नव्याने सुरुवात केली. दोन आठवड्यांना एक बदल.

सगळ्यात मोठा फरक जेवणाच्या वेळेने पडला. जेवण आणि अंथरूण यांच्यात तीन तास. मी दहाला जेवून साडेदहाला आडवी होत होते. वेळ बदलल्यावर तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या फायली कानाला वेगळ्या लागायला लागल्या. जेवण आधी होणं अगदीच अशक्य असेल तर रात्रीचं निम्मं करा आणि मुख्य जेवण दुपारी घ्या.

मग झोपण्याची पद्धत. इथे मी माती खाल्ली. डोक्याखाली तीन उशा घेतल्या. त्याने मान वाकते, अंग कमरेत दुमडतं, पोटावर दाब येतो आणि आम्ल वर यायला उलट मदत होते. उंचवटा पूर्ण धडाला हवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली पंधरा ते वीस सेंटिमीटरचे भक्कम ठोकळे ठेवायचे, नाहीतर कमरेपासून वर चढत जाणारी पाचरीसारखी गादी घ्यायची. पहिले चार दिवस मी रोज सकाळी पायथ्याशी घसरलेली सापडायचे. मग सवय झाली. डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठरातला ऐवज अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या पातळीवर राहतो, उजव्या कुशीवर तो तोंडाशी येतो.

खाण्याच्या लांबलचक याद्या मी पाळल्या नाहीत. तळकट, चॉकलेट, दारू, फसफसणारी पेयं, चहा-कॉफी, पुदिना यांची नावं त्यात हमखास असतात, पण तुमचा गुन्हेगार वहीतूनच सापडेल. माझा निघाला पुदिना. घसा खवखवतो म्हणून मी दिवसभर पुदिन्याच्या गोळ्या चघळत होते. पुदिना खालची झडप सैल करतो. कॉफी मात्र निर्दोष सुटली. दुपारी एक कप अजून चालू आहे. पोट आवळणारा पट्टा आणि जेवल्यावर वाकून करायची कामं यांच्याकडेही एकदा बघा. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरल्यानेही आम्ल वर येणं कमी होतं.

गोळीबद्दल

आम्ल कमी करणारी गोळी मी महिनाभर झोपताना घेत होते. ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची असते, कारण जठरातले आम्लाचे पंप जेवणाने चालू होतात आणि चालू पंपच ती बंद करू शकते. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही होतं. वाचलं नाही, हा दोष माझाच. पण वेळ पाळूनही गोळी जठरातला ऐवज वर येणं थांबवत नाही, फक्त त्यातलं आम्ल कमी करते. 2021 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. घशाच्या जुन्या तक्रारी असलेल्या रुग्णांपैकी अर्ध्यांना सोळा आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध दिलं, अर्ध्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. दोन्ही गट सुधारले, जवळजवळ सारखेच. छातीत जळजळही असेल तर गोळीचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. नुसता आवाज बसलाय म्हणून, स्वरतंतू न पाहताच ती महिनोन्‌महिने घेत राहणं मला तरी पटत नाही. बरेच दिवस घेत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका, आम्ल उसळी मारतं. कमी कशी करायची ते डॉक्टरांना विचारा. समुद्री शेवाळापासून बनवलेलं अल्जिनेटचं पातळ औषधही मिळतं. ते जठरातल्या ऐवजावर तराफ्यासारखं तरंगतं. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी घेतात, आणि त्यावर लगेच पाणी पीत नाहीत.

एवढं करूनही प्रश्न सुटत नसेल तर नाकातून बारीक नळी बसवून चोवीस तास मोजमाप करतात. आम्ल खरंच वर येतंय का, किती वेळा, हे त्यात कळतं. अंदाजाने वर्षभर औषध घेण्यापेक्षा एक दिवस नळी सोसलेली बरी.

खाकरणं

आता माझ्या दुखण्याचा उरलेला अर्धा भाग, ज्याचा पोटाशी संबंधच नव्हता. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. आपटले की सुजतात, सूज आली की काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं, म्हणून पुन्हा खाकरायचं. आम्ल कधीच थांबलेलं असलं तरी हे चक्र फिरत राहतं. मला हे स्पीच थेरपिस्टने दाखवून दिलं, तेही माझंच ध्वनिमुद्रण ऐकवून.

'खाकरू नका' एवढं सांगून भागत नाही, त्या जागी दुसरं काहीतरी करावं लागतं. उबळ आली की पाण्याचा एक घोट घ्यायचा. पाणी नसेल तर हनुवटी छातीकडे नेऊन कोरडाच आवंढा जोर लावून गिळायचा. तरी राहवलं नाही तर आवाज न करता, नुसत्या हवेने 'ह्ह्ह' करायचं. मग तोंड मिटून हलकासा हुंकार. पहिले चार-पाच दिवस जीव नकोसा होतो, कफ साठतोय असं वाटतं. साठत नाही. मी दर शुक्रवारी एका तासाची फाईल काढून मोजत गेले: एक्केचाळीस, अडतीस, सव्वीस, परत एकतीस (सर्दी झाली होती), सतरा. अडीच महिन्यांनी नऊ.

सोबत शीतपेय प्यायच्या नळीचा (स्ट्रॉचा) व्यायाम. पेल्यात पाणी, त्यात नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. आवाज हळूहळू खालून वर, वरून खाली न्यायचा. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. पाण्याच्या उलट दाबामुळे स्वरतंतू जोरात न आपटता कंप पावतात. गळ्यावर ताण जाणवला तर जोर कमी करा. आणि घसा बसला म्हणून कुजबुजत बोलू नका; कुजबुजताना पुष्कळजण गळा आवळतात. हळू पण खऱ्या आवाजात बोला, नाहीतर गप्प बसा.

मागच्या महिन्यात एका नाटकाहून उशिरा परतले, अकराला जेवले आणि पडले. सकाळची फाईल लावली, पहिल्याच ओळीत खरखर. त्या दिवशी संकलकाला फोन करून वाचन दुपारी दोनला घेतलं, आणि शेजारी पाण्याचे दोन पेले भरून ठेवले.