सोयाबीनच्या तपासणीची पावती कशी वाचायची

औशाकडच्या आमच्या शेतकरी कंपनीच्या केंद्रावर नमुना कॅमेऱ्याच्या यंत्राखाली जातो आणि पावती निघते. ती हातात पडली की जो तो आधी ग्रेड बघतो. मी सांगते, ग्रेड सगळ्यात शेवटी बघा.

पहिला प्रश्न नमुन्याचा. चाळीस पोती माल आणि परखी (पोत्यातून माल काढायची टोकदार नळी) दारातल्या दोनच पोत्यांत खुपसली असेल, तर आकडा त्या दोन पोत्यांचा. वरून, मधून, तळातून काढा. ताडपत्रीवर कालवा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा. हवा तेवढा नमुना उरेपर्यंत हेच.

मग ‘हवा’, म्हणजे ओलावा. तो कॅमेऱ्याला दिसत नाही, वेगळ्या मीटरवर मोजतात. मीटरवर पीक सोयाबीनच निवडलंय ना, ते डोळ्यांनी बघा. उन्हातला गरम माल थोडा निवू द्या. हमीभावाच्या खरेदीत मर्यादा १२ टक्के (२०२४ च्या हंगामात केंद्रानं १५ पर्यंत सूट दिली होती). सोयाबीनचं तेल काढणारे प्लांटवाले मात्र १०-२-२ बोलतात: हवा १० टक्के, माती २, डागी म्हणजे डागाळलेले, खराब दाणे २. म्हणून तोच माल एका दारात पास होतो आणि दुसऱ्या दारात कपातीला लागतो. १४ चा माल १२ वर वाळवला तर क्विंटलमागे सव्वादोन किलो वजन घटतं. समोरचा किती कापतोय ते याच्याशी ताडून बघा, मग वाळवायचं की तसंच द्यायचं ते ठरवा.

आता खरी मेख. कॅमेरा दाणे मोजतो, नियम वजनावर चालतो. समजा हजार दाण्यांत ८० चिमलेले निघाले. संख्येनं ८ टक्के झाले, आणि हमीभावाची मर्यादा आहे ५. माल नापास? चिमलेला दाणा भरलेल्याच्या निम्म्या वजनाचा धरला, तर वजनानं ते जेमतेम सव्वाचार टक्के भरतात. पास! काही यंत्रं हा हिशेब आतच करून वजनाचा आकडा देतात, काही देत नाहीत. म्हणून टक्का संख्येचा की वजनाचा, एवढं विचाराच. उत्तर मिळालं नाही तर शंभर ग्रॅम माल घ्या, चिमलेले निवडा आणि छोट्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम, तितके टक्के.

डागीचंही असंच. यंत्र रंग आणि आकार बघतं. काढणीत पाऊस लागून चिखलानं माखलेला चांगला दाणाही त्यात जाऊ शकतो. ओल्या फडक्यानं पुसा. रंग सुटला तर ती माती, आतपर्यंत काळा असेल तर बुरशी. तिथे वाद घालू नका. उलट दाण्याच्या आत दडलेली कीड आणि कुबट वास कॅमेऱ्याला कळतच नाही, त्यामुळे पावती चांगली आली तरी नाक लावाच.

माती-काडीकचऱ्याचा आकडा वर गेला असेल तर आनंदच माना. एक चाळणी मारली की तो उतरतो. फुटीर, म्हणजे मळणीत फुटलेले दाणे, वाढले असतील तर मात्र आता काही होत नाही. पुढच्या मळणीला ड्रमचे फेरे कमी ठेवायला मळणीवाल्याला आधीच सांगा, तो घाईत असतो.

पटलं नाही तर माल उतरवण्याआधीच फेरतपासणी मागा, आणि नमुन्याचा अर्धा भाग पिशवीत बांधून स्वतःकडे ठेवा.