संयुजा पाठ करताना टिकली आधी, चिक्की उद्या

माझ्याकडे संध्याकाळी सहा ते साडेसात आठवी-नववीची अकरा मुलं शिकवणीला येतात. मूलद्रव्यं, त्यांच्या संज्ञा आणि संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) यांचा तक्ता म्हटला की सगळ्यांचे चेहरे पडतात. घोकून पाठ होतो, पण गुरुवारी घडाघडा म्हटलेलं सोमवारी कोरं. पूर्वी तक्ता म्हणून झाला की मी लगेच चिक्की हातावर ठेवायचे. चिक्की आजही देते, पण तिची वेळ बदलली आहे.

ती का बदलली, ते आधी सांगते. बक्षीस मिळालं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. फळाचा रस अचानक मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चेतत. पुढे रस येणार असल्याची खूण माकडाला कळू लागली, तेव्हा त्या पेशी खुणेलाच चेतू लागल्या. ठरलेला रस मिळाल्यावर मात्र शांत राहिल्या. 2006 मध्ये ॲलिसन ॲडकॉक आणि सहकाऱ्यांनी माणसांवर प्रयोग केला. चित्र दाखवण्याआधी त्यावर पाच डॉलर आहेत की दहा सेंट, याची खूण दाखवली. दुसऱ्या दिवशी पाच डॉलरवाली चित्रं जास्त आठवली. त्यातही जे चित्र दिसण्याच्या आधीच मध्यमेंदू आणि हिपोकॅम्पस (मेंदूतला आठवणी घडवणारा भाग) जागा झाला होता, त्याची आठवण पक्की झाली. म्हणजे जमीन आधी भिजवायची, मग बी टाकायचं.

आता कृती. जाड पुठ्ठ्याचे वीस पत्ते कापा. एका बाजूला मूलद्रव्य, संज्ञा, संयुजा लिहा: ॲल्युमिनिअम तीन, मॅग्नेशिअम दोन, कार्बन चार. त्यातल्या पाचांच्या पाठीवर लाल टिकली चिकटवा, कपाळाला लावतो तीच. पत्ता पाठीकडून धरा. टिकली दिसली की मुलांना कळतं, हा उद्या बरोबर आला तर चिक्की. दोन श्वास थांबा आणि मग पत्ता उलटा. या दोन श्वासांत मुलं नकळत पुढे सरकतात. श्रावणी तर पेन खाली ठेवते. टिकली सगळ्या पत्त्यांवर लावू नका. सगळंच ठरलेलं असेल तर वाट बघण्यासारखं काही उरत नाही. पाच पत्ते दर आठवड्याला बदला, म्हणजे महिनाभरात तक्ता पुरा होतो.

चिक्कीपेक्षाही मला जास्त भरवशाचं वाटतं ते कुतूहल. शिशाची संज्ञा पीबी का? मी उत्तर देत नाही. कुणी म्हणतं, छपाईची चूक. कुणी म्हणतं, शास्त्रज्ञाचं नाव असेल. उत्तराआधी मी शांतपणे टिकली नसलेले दोन कंटाळवाणे पत्ते दाखवते, जस्त दोन, कॅल्शिअम दोन, आणि मग सांगते: लॅटिनमध्ये शिसं म्हणजे प्लंबम. रोमन लोकांचे पाण्याचे नळ शिशाचे असत, म्हणून नळाचं काम करणारा प्लंबर! त्या वेळी वर्गात जो "हां!" उमटतो, तो ऐकण्यासारखा असतो. मधल्या पत्त्यांची युक्ती माझ्या मनची नाही. 2014 मध्ये मथियास ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या 14 सेकंदांत लोकांना अनोळखी चेहरे दाखवले. ज्या प्रश्नाची उत्सुकता जास्त, त्याच्यामधला चेहराही जास्त लक्षात राहिला, त्याचा प्रश्नाशी काही संबंध नसताना.

म्हणून प्लंबमच्या पत्त्यावर टिकली कधीच नको. मुळात रंजक असलेल्या माहितीला पैशाच्या आमिषाचा फायदा होत नाही, कंटाळवाण्या माहितीला होतो, असं 2011 च्या एका अभ्यासात आढळलं. आणि आवडीच्या कामाला बक्षिसाचं वचन दिलं तर आवडच कमी होते. चित्रं काढणाऱ्या लहान मुलांवरच्या 1973 च्या प्रयोगात हे दिसलं होतं. माझ्याकडच्या एका मुलाला आकृत्या काढायला फार आवडायच्या. मी त्यांना चिक्की लावली. तीन आठवड्यांनी तो विचारू लागला, "बाई, आज चिक्की नाही? मग आकृती उद्या काढू?" त्या दिवसापासून मी आकृत्यांना चिक्की लावली नाही.

परीक्षा त्याच संध्याकाळी घेऊ नका. डोपामिनचा परिणाम लगेच दिसत नाही. आठवण पक्की व्हायला पेशींमध्ये नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात, त्याला काही तास जातात, वर रात्रीची झोप हवी. पालकांना मी हात जोडून सांगते, रात्री अकराला उठवून तक्ता म्हणायला लावू नका. दुसऱ्या दिवशी मुलं चपला काढून बसली की आधी कोरा कागद देते. वही बंद, तक्ता भिंतीवरून उतरवलेला. आठवेल ते लिहायचं, शेजाऱ्याशी शर्यत नाही. टिकलीचे पाच पत्ते तपासते, जेवढे बरोबर तेवढे चिक्कीचे तुकडे. चुकलेल्या पत्त्याची टिकली काढायची नाही. तो पुढच्या गुरुवारी पुन्हा गठ्ठ्यात.