मॅचचा दिवस उलटा आखा: स्पर्धेच्या शहरात पाहुण्या प्रेक्षकाने दिवस कसा काढावा

मोठ्या फुटबॉल स्पर्धेसाठी परक्या शहरात गेलेला माणूस सकाळी उठल्या उठल्या विचारतो, "स्टेडियमवर किती वाजता पोचायचं?" माझ्या मते सुरुवात इथेच चुकते. पोचवायला सगळं शहर तयार असतं. पाट्या असतात, स्वयंसेवक असतात, आणि काहीच कळलं नाही तरी जर्सी घातलेल्या घोळक्याच्या मागे चालत राहिलं की स्टेडियम येतं. घोडं अडतं परतताना, साठ-सत्तर हजार माणसं एकाच स्टेशनाकडे वळतात तेव्हा. म्हणून दिवस शेवटाकडून आखायला घ्या.

१. आदल्या रात्री शेवटची गाडी बघा

मॅच दोन तासांत आटोपते, हा हिशोब गटसाखळीपुरता, आणि तिथेही तो फसतो. २०२२ च्या विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही हाफ मिळून सुमारे २७ मिनिटं वाढवून दिली होती. बाद फेरीत ३० मिनिटांचा जादा वेळ आणि वर पेनल्टी शूटआउट धरला, तर पावणेतीन तास मोजा. जागेवरून उठून फलाटावर पाय टेकेपर्यंत आणखी एक तास. म्हणजे रात्री नऊची मॅच असेल तर तुम्ही पाऊण वाजता स्टेशनात असाल. त्या वेळेला गाडी आहे का? ती चुकली तर पुढची कोणती? दोन्ही वेळा लिहून ठेवा. मॅचच्या दिवशी गाड्या उशिरापर्यंत सोडतात बरेचदा, पण "सोडत असतील" या भरवशावर राहू नका.

मॅचच्या तिकिटावर शहरातला प्रवास मोफत आहे का, हेही बघून घ्या. जर्मनीत २०२४ च्या युरोला (युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा) तिकीटधारकांना स्थानिक वाहतुकीचा ३६ तासांचा पास मिळत होता.

२. स्टेडियम नेमकं कुठे आहे?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण यात भलेभले फसतात. यजमान म्हणून नाव एका शहराचं आणि मैदान भलतीकडेच, हा प्रकार सर्रास असतो. २०२६ च्या विश्वचषकाचं 'बॉस्टन' म्हणजे फॉक्सबरो, 'सॅन फ्रान्सिस्को' म्हणजे सँटा क्लारा, आणि अंतिम सामन्याचं 'न्यूयॉर्क' म्हणजे हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतलं ईस्ट रदरफर्ड. शहराच्या मध्यावर हॉटेल घेतलं म्हणून मैदान जवळ असेलच असं नाही.

दुसरी गंमत नावांची. मोठ्या स्पर्धांत प्रायोजकाचं नाव मैदानावरून उतरवतात. म्युनिकचा आलियान्झ अरेना युरो स्पर्धेपुरता 'म्युनिक फुटबॉल अरेना' झाला होता. तिकिटावर एक नाव, तिथल्या लोकांच्या तोंडी दुसरं. दोन्ही पाठ ठेवा, नाहीतर रस्ता विचारायची पंचाईत.

३. सकाळ: फोन, कागद, पिशवी

तिकीट आता फोनमध्येच असतं, त्यामुळे बॅटरी संपली की तुम्ही बाहेर. पॉवर बँक भरून घ्या आणि कोणत्या मापाची चालते ते नियमांत बघा. सगळ्यांची तिकिटं एकाच्याच फोनवर असतील तर ती सकाळीच ज्याची त्याला पाठवा, गेटवर नेटवर्क मेलेलं असतं. काही ॲपमध्ये क्यूआर कोड मैदानाजवळ गेल्यावर ब्लूटूथने उघडतो. तो आधी दिसत नाही म्हणून धीर सोडू नका, ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा.

एका चिठ्ठीवर गेट, ब्लॉक, रांग, सीट, परतीच्या दोन्ही गाड्यांच्या वेळा आणि मुक्कामाचा पत्ता लिहून खिशात टाका.

पिशवी नेऊच नका. न्यावीच लागली तर नियम वाचा. अमेरिकेतल्या बऱ्याच मैदानांवर ठरावीक मापाची पारदर्शक पिशवीच आत जाते. पाठीवरची सॅक घेऊन आलेला माणूस तपासणीच्या टेबलापाशी कसा दिसतो, आठवा: मागे रांग तुंबलेली, आतून राष्ट्रगीताचा आवाज येतोय, आणि हा इकडेतिकडे सामान ठेवायची खोली शोधतोय.

शहर बघायचं तर एकच ठिकाण धरा, तेही स्टेडियमच्या वाटेवरचं. पाय संध्याकाळसाठी शिल्लक हवेत. फॅन झोन, म्हणजे मोठ्या पडद्यावर सामना दाखवणारी जागा, मुळात तिकीट नसलेल्यांसाठी. तुमच्याकडे तिकीट आहे ना? मग तासभर गाणी ऐका आणि निघा.

४. गेट

किक-ऑफच्या दोन तास आधी स्टेडियमबाहेरच्या पहिल्या तपासणीपाशी असा. तपासणी दोनदा होते: आधी लांबवर, मग फिरत्या दारापाशी. तुमच्या तिकिटावर ज्या बाजूचं गेट आहे त्याच बाजूच्या स्टेशनावर उतरा. २०२२ मध्ये पॅरिसजवळच्या चॅम्पियन्स लीग फायनलला एका लोकल मार्गावर संप होता. लोंढा दुसऱ्या मार्गाने आला, तपासणीची अरुंद जागा तुंबली, आणि तिकीट असलेली माणसंही ताटकळली. सामना ३६ मिनिटं उशिरा सुरू झाला. निघण्यापूर्वी वाहतुकीच्या बातम्या बघा, ते यासाठी.

आत शिरण्याआधी सोबत्यांशी भेटायची जागा ठरवा. "गेटबाहेर" ही जागा नव्हे, तिथे हजारो जण उभे असतील. नंबर असलेला दिव्याचा खांब चांगला.

५. परतीची वाट

शिट्टी वाजली की बसून राहा. वीस मिनिटं. जिंकलेले नाचतात, हरलेले तरातरा निघून जातात, आणि जिना हळूहळू मोकळा होतो. २०२४ च्या युरोत जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शनला सर्बिया-इंग्लंड सामन्यानंतर ट्रामसाठी प्रेक्षकांना बराच वेळ खोळंबावं लागलं होतं, म्हणून सांगतो, धावपळ करून फारसं काही पदरात पडत नाही. त्याऐवजी पुढच्या स्टेशनापर्यंत चालत जाता येतं का, ते सकाळीच नकाशावर बघून ठेवा. अनेकदा पंचवीस मिनिटांची चाल तासाभराची रांग वाचवते, पण रस्ता उजेडाचा आणि वर्दळीचा असेल तरच.

रांग नागमोडी फिरवली, तर चिडू नका. फलाटावर चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून ती मुद्दाम लांबवतात. दोह्यात २०२२ च्या विश्वचषकात सूक वाकिफ या बाजारापाशी उंच खुर्चीवर बसलेला एक कर्मचारी फोमचा भला मोठा पंजा हलवत "मेट्रो, धिस वे" असं एकसुरात घोकत असे. पुढे गर्दीच त्याच्या सुरात सूर मिसळू लागली. असा कोणी दिसला की आपला नकाशा खिशात घाला आणि तो दाखवेल तिकडे चला. आता चिठ्ठीतली दुसऱ्या गाडीची वेळ बघा. पहिली बहुतेक निघून गेलेली असते.