कर्णबधिर नायिकेची रहस्यकादंबरी कशी लिहावी

रहस्यकादंबरीतील हौशी शोधक पुष्कळदा कानांच्या भरवशावर काम करतो. शेजारच्या खोलीतील भांडण, फोनवरचे अर्धवट बोलणे, जिन्यावरची पावले अशा गोष्टी त्याच्या कानी पडतात आणि कथानक पुढे सरकते. नायिका कर्णबधिर असेल तर हे सारे मार्ग बंद होतात. म्हणून तिला धागेदोरे कोठून मिळतील आणि कोठे निसटतील, हे पहिले प्रकरण लिहिण्याआधीच ठरवावे लागते. माझ्या मते अशा कादंबरीची उत्कंठा दृष्टिरेषेवर उभी राहते: कोण कोणाकडे तोंड करून उभे आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो आणि त्या क्षणी नायिकेची नजर कोठे आहे.

पायरी १: तिचे बहिरेपण नेमके ठरवा

‘तिला ऐकू येत नाही’ एवढे टिपण पुरेसे नाही. जन्मतः कर्णबधिर असलेली आणि सांकेतिक भाषेतच लहानाची मोठी झालेली स्त्री वेगळी, आणि विसाव्या वर्षी आजारपणात श्रवणशक्ती गेलेली स्त्री वेगळी. दुसरीला आवाज आठवतात आणि तिचे बोलणे स्पष्ट असते. त्यामुळेच तिला खरोखर ऐकू येत नाही यावर लोकांचा विश्वास बसत नाही, आणि हा अविश्वास कथेत फार उपयोगी पडू शकतो. ती श्रवणयंत्र वापरत असेल, तर यंत्र आवाज मोठा करते, पण गर्दीतला गोंगाट आणि समोरच्याचे शब्द स्वच्छपणे वेगळे करून देत नाही, हे ध्यानात ठेवावे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेले श्रवणाचे उपकरण असेल, तर बाहेरचा प्रोसेसर सहसा झोपताना काढून ठेवला जातो आणि त्याची बॅटरी संपते.

भाषेचाही निर्णय याच टप्प्यावर घ्यावा. सांकेतिक भाषा जगभर एकच नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी सांकेतिक भाषा परस्परांना सहज कळत नाहीत. अमेरिकी भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे, कारण १८१७ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे सुरू झालेल्या कर्णबधिरांच्या शाळेत लॉरां क्लेर हे फ्रान्सहून आलेले कर्णबधिर शिक्षक शिकवत होते. तेव्हा परदेशी कर्णबधिर साक्षीदाराची साक्ष नायिकेला एका क्षणात उमगली, असे दाखवू नये. कथानक जुन्या काळातले असेल, तर इटलीतील मिलान येथे १८८० साली कर्णबधिरांच्या शिक्षणावर झालेल्या परिषदेचा परिणाम अभ्यासावा. त्या परिषदेने शाळांमधून सांकेतिक भाषा हद्दपार करून केवळ तोंडी शिक्षणाचा आग्रह धरला आणि पुढे अनेक शाळांत मुलांना हातांनी बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. अशा शाळेत शिकलेला म्हातारा साक्षीदार चारचौघांत हात हलवायला कचरतो, हा तपशील त्याच्या मौनाचे कारण होऊ शकतो.

पायरी २: ओष्ठवाचनाला जादू करू नका

या प्रकारच्या कथांमधील सर्वांत मोठा दोष येथे आहे. नायिका दुर्बिणीतून दूरवरच्या दोघांचे संपूर्ण संभाषण वाचते आणि गुन्हा उलगडतो, असे लिहिणे खोटे आहे. प, ब आणि म हे तिन्ही उच्चार ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात, तर क, ग यांसारखे घशाजवळचे उच्चार जवळपास दिसतच नाहीत. उरलेले संदर्भावरून जुळवावे लागते. त्यात भरघोस मिशा, तोंडावर आलेला हात किंवा बोलणाऱ्याच्या पाठीमागची उजळ खिडकी यांपैकी काहीही पुरेसा अडथळा ठरते. शिवाय हे काम अतिशय थकवणारे आहे. तासभराच्या बैठकीनंतर नायिकेची चूक होणे स्वाभाविक आहे.

ही मर्यादाच उत्कंठेचे उत्तम साधन आहे. समजा, काचेच्या भिंतीपलीकडे दोघे बोलत आहेत. एकाची पाठ नायिकेकडे आहे, दुसऱ्याचे तोंड दिसते. तो म्हणतो, ‘बाळ उद्या हलवायचं’, किंवा कदाचित ‘माळ उद्या हलवायची’. ओठांवर ‘बाळ’ आणि ‘माळ’ सारखेच दिसतात. शेवटचे अक्षर दिसले असते तर उलगडा झाला असता, पण ‘हलवाय’पाशीच तो पेला उचलण्यासाठी वळतो. आता नायिकेपुढे दोन शक्यता आहेत, चोरीच्या दागिन्याची आणि अपहरणाची, आणि वाचकापुढेही त्याच दोन. वाचकाला नायिकेपेक्षा अधिक कळू देऊ नये आणि कमीही नाही. या प्रसंगाचा प्रामाणिकपणा त्यातच आहे.

पायरी ३: निवेदनातून आवाज काढा

कथा नायिकेच्या दृष्टिकोनातून सांगत असाल, तर पहिला खर्डा झाल्यावर दार करकरले, पावले वाजली, कोणी कुजबुजले अशी सर्व वाक्ये खूण करून बाजूला काढावीत आणि तीच घटना तिला कशी कळली असती, याचा प्रत्येक ठिकाणी विचार करावा. दार उघडल्याचे तिला जमिनीवरच्या प्रकाशाच्या पट्ट्यावरून, पडद्याच्या हालचालीवरून किंवा समोरच्या माणसाची नजर अचानक वळल्यावरून कळेल. कंपनांचा वापर जपून करावा. लाकडी जमिनीवर जोरात पाय आपटला तर जाणवतो, दगडी फरशीवर सहसा नाही. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींचे नजरेच्या कडेला घडणाऱ्या हालचालींकडे अधिक लक्ष असते, असे संशोधनात आढळले आहे, पण त्यावरून तिला अतिमानवी शक्ती बहाल करू नये.

हातांनी केलेले संवाद पूर्ण, डौलदार वाक्यांत लिहावेत. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे आणि भुवया, चेहरा, नजर यांनाही त्यात व्याकरणाचे स्थान आहे. ते संवाद तुटक शब्दांत लिहिले की नायिका विनाकारण अडाणी वाटू लागते.

पायरी ४: संकटे तिच्या जगातून घ्या

मदतीसाठी फोन करता येत नाही, या अडचणीवर कथानक टांगू नये. संदेश आणि व्हिडिओ कॉल तिच्या हाताशी आहेत, आणि काही देशांत आपत्कालीन सेवेलाही लिखित संदेश पाठवता येतो. त्याहून खोल संकटे उपलब्ध आहेत. हातात बेड्या पडल्या की तिचे बोलणेच बंद होते. अंधारात तिची दृष्टी जाते आणि त्याबरोबर संवादही. मात्र जवळचे माणूस तिच्या तळहातावर खुणा करू शकते, आणि खलनायकालाही अंधारात दिसत नसते.

दुभाषी हे पात्र मला सर्वांत समृद्ध वाटते. व्यावसायिक दुभाषी सर्व काही सांगण्यास आणि गोपनीयता पाळण्यास बांधलेला असतो. पण पोलीस चौकशीत ऐनवेळी नायिकेचा भाऊच दुभाषी म्हणून बसला तर? अधिकारी दोन मिनिटे बोलतो आणि भाऊ तिला एवढेच सांगतो, ‘विशेष काही नाही, नंतर सांगतो.’ घरच्या जेवणाच्या टेबलावर हे वाक्य असंख्य कर्णबधिर माणसांच्या वाट्याला आयुष्यभर येते. चौकशीच्या खोलीत तेच वाक्य संशयाचे बीज ठरते, कारण भावाने सवयीने टाळले की हेतुपुरस्सर लपवले, हे तिला शेवटच्या प्रकरणांपर्यंत ठरवता येत नाही.

पायरी ५: कर्णबधिर वाचकांकडून तपासून घ्या

हस्तलिखित छपाईला जाण्यापूर्वी ते किमान दोन कर्णबधिर वाचकांना योग्य मानधन देऊन वाचायला द्यावे. एकाचा अनुभव सर्वांचा नसतो. शक्य असेल तर त्यांतील एक वाचक नायिकेच्याच प्रकारची श्रवणस्थिती आणि भाषा असलेला असावा. ‘आवडले का?’ असे विचारण्याऐवजी नेमके प्रश्न द्यावेत: कोणत्या पानावर तिला अशक्य ते कळले, कोठे ती सहज कळण्यासारखी गोष्ट चुकली, कोणता संवाद हातांनी करताना दोन्ही हात सामानाने भरलेले होते. ज्या प्रसंगावर आक्षेप येईल तो फिरून रचावा, मग त्यासाठी गुन्ह्याचा उलगडा बदलावा लागला तरी चालेल.