किल्ली कुठंय वरून भांडण झालं तर काय करायचं
एरिक बर्न नावाच्या सायकियाट्रिस्टने १९५० च्या दशकात अमेरिकेत ट्रान्झॅक्शनल अॅनालिसिस, म्हणजे माणसं एकमेकांशी कशी बोलतात-वागतात ते समजून घ्यायची पद्धत, मांडलं, म्हणणं असं की आपल्या प्रत्येकात दटावणारा-जपणारा पालक, शांतपणे विचार करणारा प्रौढ आणि भावनेच्या भरात वागणारं बालक असे तिघं असतात (वयाचा संबंध नाही हां, पाच वर्षांची पोरगीपण बाहुलीला आईसारखी दटावते).

आता बघा, तुम्ही विचारलं 'किल्ली कुठंय?', हा साधा प्रौढाचा प्रश्न, आणि उत्तर आलं 'सगळं मीच सांभाळायचं का?', म्हणजे पालक बालकाला झापतोय, झाली तार क्रॉस. आपल्यातलं बालक लगेच फणकारतं, तिथंच थांबा. स्वतःचा आवाज, बोट, भुवया बघा, आत्ता कोण बोलतंय ते ओळखा, मग परत प्रौढातूनच बोला, 'मला उशीर होतोय, शेवटची कुठं पाहिलीस?' पहिल्यांदा जमत नाही, मलापण नाही जमलं. जुन्या जखमा असतील तर मात्र थेरपिस्टच गाठा.