मनातल्या नकारात्मक विचारांची उलटतपासणी कशी करावी

मेसेजवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र येत नाही. तासाभरात मन निकाल देऊन मोकळं होतं: ‘तिला माझा राग आलाय.’ अशा वेळी ‘सकारात्मक विचार कर’ हा सल्ला हमखास मिळतो आणि फारसा उपयोगी पडत नाही. विचार दाबूनही भागत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ सालच्या प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली.

१. नेमकं वाक्य पकडा

मूड एकदम उतरला, पोटात गोळा आला, की विचारा: आत्ता मनात काय येऊन गेलं? नैराश्याच्या रुग्णांच्या मनात असे विचार झर्रकन येतात आणि रुग्ण ते खरेच धरून चालतात, हे मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६०च्या दशकात हेरलं. असे विचार सगळ्यांनाच येतात. तो विचार शब्दशः लिहा. ‘टेन्शन आलं’ ही भावना झाली. ‘उद्या सगळ्यांसमोर माझी फजिती होणार’ हा विचार. खरं-खोटं तपासता येतं ते विचाराचं. बहुतेक जण कंटाळून नेमकी हीच पायरी गाळतात.

२. साचा ओळखा

असे विचार बहुतेकदा ठरावीक साच्यांतले असतात. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळलंय असं गृहीत धरणं. राईचा पर्वत करणं. एका चुकीवरून स्वतःवर ‘बिनडोक’ असा शिक्का मारणं. सगळ्यांनी कौतुक केलं तरी एकाचीच कुरकुर धरून बसणं. आणि ‘मला तसं वाटतंय, म्हणजे ते तसंच असणार’. हा शेवटचा सगळ्यांत फसवा, कारण वाटणं खरं असतं, त्यामुळे त्यामागचं कारणही खरंच वाटू लागतं. एकाच विचारात दोन-तीन साचे सापडतील. नाव शोधत बसू नका.

३. पुरावा मांडा

कागदावर दोन रकाने करा: विचाराच्या बाजूने आणि विरुद्ध. कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढंच लिहा. ‘उत्तर आलं नाही’ हा पुरावा, ‘ती मला टाळतेय’ हा आपण लावलेला अर्थ. मग नवं वाक्य लिहा. ते गोड नको, खरं हवं: ‘उत्तर का आलं नाही हे मला माहीत नाही. ती कामात असेल, चिडलीही असेल. संध्याकाळी विचारावं.’ स्वतःलाच पटत नसेल, तर वाक्य बदला.

कधी पुरावा विचाराच्याच बाजूने निघतो. चूक खरंच झालेली असते. मग रकाने पुरे. माफी मागा, काम दुरुस्त करा.

४. अंदाज पडताळून बघा

‘मीटिंगमध्ये प्रश्न विचारला तर सगळे हसतील’ असं वाटतं? अंदाज आधी लिहून ठेवा, प्रश्न विचारा आणि किती जण हसले ते मोजा. नुसत्या लिहिण्यापेक्षा हे जास्त पटतं, पण सुरुवात छोट्या अंदाजापासून करा.

५. चिंतेला वेळ ठरवून द्या

तेच ते विचार घोळत राहत असतील, तर रोज १५-२० मिनिटं फक्त त्यांच्यासाठी ठेवा, झोपायच्या आधीची मात्र नकोत. एरवी आलेली चिंता एका ओळीत टिपून त्या वेळेवर ढकला.

उदासी दोन आठवडे टिकली, झोप-भूक बिघडली, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. जीव नकोसा वाटू लागला, तर एक दिवसही थांबू नका. विश्वासाच्या माणसाला लगेच सांगा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या.