स्वीट कॉर्नची पेरणी केव्हा करावी, किती अंतरावर करावी

कणसावरचा प्रत्येक दाणा एका केसाला जोडलेला असतो. त्या केसावर परागकण पडला तरच दाणा भरतो, नाहीतर तेवढी जागा रिकामी राहते. म्हणून पेरणीची तारीख केस बाहेर पडण्याच्या दिवसापासून मागे मोजत ठरवा. उबदार हवेत लवकर येणाऱ्या वाणाला केस बाहेर पडायला साधारण 50 दिवस लागतात. त्या आठवड्यात तापमान 35 अंशांच्या वर आणि हवा कोरडी राहणार असेल, तर पेरणी पुढे-मागे सरकवा. अशा हवेत पराग वाळतो, केस सुकतात आणि पाणी कितीही दिलं तरी कणीस अर्धवट भरतं. भर पावसात तुरा, म्हणजे झाडाच्या शेंड्यावरचा पराग देणारा फुलोरा, आला तरी तो ओला असेपर्यंत पराग नीट गळत नाही.

दुसरी मर्यादा थंडीची. साधा गोड मका जमीन 10 ते 12 अंश असली तरी हळूहळू उगवतो. पण जास्त गोड, म्हणजे सुपरस्वीट वाणांना किमान 16 अंश लागतात, 20 च्या पुढे असेल तर उत्तमच. त्यांचं बी सुरकुतलेलं असतं. आत स्टार्च कमी, त्यामुळे कोंबाला जोर कमी. गार, ओल्या मातीत हे बी कुजतं. सकाळी 5 सेंमी खोलीवर मातीचं तापमान मोजा आणि सलग तीन-चार दिवस पुरेसं आलं तरच वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, टोकण करा (बी एकेक करून लावा). सुपरस्वीटचं बी 2 ते 3 सेंमीपेक्षा खोल घालू नका.

अंतर

मोकळ्या वाढीसाठी दोन ओळींत 60 ते 75 सेंमी आणि दोन रोपांत 20 ते 25 सेंमी अंतर ठेवतात. 60×20 वर एकरी सुमारे 33,700 रोपं बसतात, 60×25 किंवा 75×20 वर 27,000 आणि 75×25 वर 21,600. ताजी कणसं विकायची असतील तर एकरी 22 ते 27 हजारांच्या आत राहावं, असं आमचं मत आहे. बुटक्या, लवकर येणाऱ्या वाणाला वरचा आकडा आणि उंच, पसरट पानांच्या वाणाला खालचा. जमीन हलकी किंवा पाणी अपुरं असेल तर आणखी विरळ लावा.

दाटी झाली की नुकसान फक्त कणीस लहान राहण्यापुरतं थांबत नाही. सावलीत आणि पाण्याच्या ओढीत तुरा वेळेवर येतो, पण केस मागे पडतात. तुऱ्यातून पराग जेमतेम आठवडाभर गळतो. त्यातही कणसाच्या बुडाचे केस आधी निघतात आणि शेंड्याचे सर्वांत शेवटी, तोवर पराग संपलेला असतो. शेंडा बोडका राहण्याचं हे एक नेहमीचं कारण. शिवाय काही झाडं वांझ राहतात, खोड बारीक होऊन वाऱ्याने लोळतात आणि पानं ओली राहिल्याने करपा रोग वाढतो. फार विरळ लावलं तर फुटवे (बुडातून निघणारे जादा कोंब) आणि तण वाढतं. फुटवे काढत बसू नका, त्याने उत्पादन वाढत नाही.

एका जागी दोन बिया टाकल्या असतील तर 10-15 दिवसांनी एकच जोमदार रोप ठेवा. दुसरं उपटू नका, कापा. उपटताना शेजारच्या मुळ्या हलतात. नांगे, म्हणजे बी न उगवलेल्या रिकाम्या जागा, आठवड्याच्या आतच भरा. त्यानंतर लावलेलं रोप सावलीत खुरटतं, पाणी-खत खातं आणि कणीस देत नाही.

जागा थोडी असेल तर एक लांब ओळ न लावता किमान चार आखूड ओळींचा चौकोन करा. पराग वाऱ्याने उडतो. एकाच ओळीतला बराचसा बाहेर जातो.

टप्प्याटप्प्याने पेरणी

सतत माल हवा असेल तर कॅलेंडरवर दर पंधरा दिवसांनी पेरणं फसवं ठरतं. गार हवेत पहिली पेरणी रखडते, पुढची तिला गाठते आणि दोन्ही प्लॉट जवळजवळ एकदम तोडणीला येतात. साधा नियम असा: आधीच्या प्लॉटला तीन-चार पानं आली की पुढचं बी टाका. नवा प्लॉट वाऱ्याच्या दिशेने आधी, म्हणजे वारा ज्या बाजूने येतो तिकडे असू द्या. जुन्या प्लॉटवरून लष्करी अळीचे पतंग आणि मावा वाऱ्यासोबत कोवळ्या पोंग्यांवर (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांवर) कमी येतील.

शेजारी साधा, म्हणजे धान्याचा मका असेल तर त्याचा पराग बसलेला दाणा पिठूळ होतो, आणि तोही त्याच हंगामात. सुपरस्वीट आणि साधा गोड मका एकमेकांनाही असेच बिघडवतात. किमान 100 मीटर अंतर ठेवा, ते जमत नसेल तर दोन्हींचे तुरे दोन आठवड्यांच्या फरकाने येतील अशा तारखा धरा. वाण वेगळे असतील तर दोघांच्या तुऱ्याच्या दिवसांतला फरकही मोजा.

केस बाहेर पडल्याची तारीख प्लॉटवार लिहून ठेवा. उबदार हवेत तिथून 18 ते 22 दिवसांनी, गार हवेत आणखी चार-पाच दिवसांनी तोडणी येते. केस तपकिरी, वाळलेले दिसले की एक कणीस थोडं सोलून मधल्या दाण्यात नख रोवा. पाणी निघालं तर थांबा, दुधासारखा चिक उडाला तर त्याच दिवशी पहाटे तोडा, पीठ लागलं तर उशीर झाला.